डाळीची पारख

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. कापडाचा जाणकार केवळ रंगावर भुलत नाही. कापडावर लहानसे भिंग धरून तो एका इंचातील उभे व आडवे धागे मोजतो आणि मगच भावाचे बोलतो. घरचा बाजार करतानाही हीच दृष्टी हवी. मागावर राबणाऱ्याच्या मजुरीतील पुष्कळसा पैसा धान्य, डाळ व तेल यांवर खर्च होतो. तेथे फसगत झाली, तर मुलांच्या वह्यापुस्तकांना पैसा उरत नाही.

मुलांनो, एक उदाहरण घेऊ. समजा, गल्लीतील वाण्याकडे सुटी तूरडाळ १४४ रुपये किलो आहे आणि दूरच्या सुपरमार्केटमध्ये तिचे पाकीट १२६ रुपयांना आहे. अठरा रुपये वाचले, असे आपणांस वाटते. पण पाकिटावरील निव्वळ वजन वाचा : ९०० ग्रॅम! म्हणजे भाव किलोला १४० रुपये झाला. फरक अवघा चार रुपयांचा! जाण्यायेण्यास रिक्षाचे ४० रुपये पडले, तर ते भरून निघण्यासच दहा किलो डाळ घ्यावी लागेल. महिन्याचा सारा किराणा एकदम आणावयाचा असेल, तर हा फेरा परवडेल. पाव किलो डाळीसाठी नव्हे.

भावाइतकीच प्रतही महत्त्वाची आहे. १४० रुपयांच्या किलोभर डाळीत खडे आणि किडके दाणे मिळून १०० ग्रॅम निघाले, तर चांगली डाळ १५५ रुपयांहूनही महाग पडली. त्यापेक्षा १५० रुपयांची निवडक डाळ स्वस्तच म्हणावयाची!

सुटा माल तळहातावर घेऊन पाहता येतो. मात्र माल ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, हे पाहावे. पाकिटावरील तारीख व कमाल किंमत वाचावी. त्या किमतीपेक्षा अधिक पैसे मागणे बेकायदेशीर आहे; कमी घेण्यास मात्र दुकानदाराला आडकाठी नाही. १९३७ च्या कायद्यान्वये दिली जाणारी ‘अ‍ॅगमार्क’ ही खूण शेतमालाची प्रत सांगते.

शेजारचा वाणी अडचणीच्या वेळी उधार देतो व खराब माल परत घेतो. यालाही मोल आहे. ते हिशेबात धरावे. दुकान लहान की मोठे, हा प्रश्नच नाही. भाव, वजन, प्रत आणि वाटखर्च यांचा मेळ घालून जो खरेदी करतो, त्याच्या घरी कष्टाचा पैसा टिकतो.