नवा दूरदर्शन-संच घरीं आल्यावर

नवी कोल्हापुरी वहाण पायांत चढवून त्याच दिवशीं कोणी पंढरपूरची वाट धरीत नाहीं. आधीं तिला तेल लावावयाचें, चार दिवस घरांतल्या घरांत वापरावयाची आणि मगच लांबच्या रस्त्यावर काढावयाची, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. नवा माठ, नवा बिडाचा तवा यांनाही असेंच वळण लावावें लागतें. हाच नियम कांचेच्या व विजेच्या वस्तूलाही लागू पडतो काय? प्लाझ्मा जातीचे दूरदर्शन-संच बाजारांत आले तेव्हां अनेक सुशिक्षित घरांतून हा प्रश्न विचारला गेला. पॅनासॉनिक, सॅमसंग व एल. जी. या मोठ्या कारखानदारांनीं २०१३ व २०१४ या दोन वर्षांत हे संच बनविणें थांबविलें. तरीही त्या प्रश्नाचें उत्तर आज समजून घेण्यासारखें आहे. कारण प्लाझ्माचा जो गुण होता व जो दोष होता, ते दोन्ही आजच्या ओएलईडी संचांत पुनः दिसूं लागले आहेत.

प्रथम प्लाझ्मा संचाची रचना पाहूं. आपल्या घरांतील लांब नळीचा दिवा डोळ्यांपुढें आणा. त्या नळींत पाऱ्याची वाफ असते. तिच्यांतून वीज गेली कीं डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. ते नळीच्या आंतील पांढऱ्या लेपावर पडतात आणि तो लेप उजळतो. ज्या द्रव्याचा हा लेप असतो त्याला फॉस्फर म्हणतात. प्लाझ्मा संच म्हणजे अशा अत्यंत सूक्ष्म दिव्यांची भिंतच होय. दोन कांचांच्या मध्यें बारीक बारीक खण पाडलेले असतात. त्यांत पाऱ्याऐवजीं निऑन व झेनॉन हे वायु असतात. कांहीं खणांना तांबडा, कांहींना हिरवा व कांहींना निळा प्रकाश देणारा लेप असतो. असे तीन खण मिळून चित्राचा एक बिंदु होतो. १,९२० स्तंभ व १,०८० ओळी असलेल्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदु, म्हणजेच ६२,२०,८०० खण होतात. बासष्ट लाखांहून अधिक दिवे एका भिंतीवर आणि प्रत्येकाची उघडझांक निराळी, असा हा प्रकार आहे.

या युक्तीचा उगम करमणुकीसाठीं झाला नव्हता. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनीं १९६४ मध्यें असा पहिला पडदा तयार केला, तो संगणकाच्या साह्यानें विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या एका योजनेकरितां. त्यांतून रंगीत चित्रें देणारे मोठे संच निघून घराघरांत जाण्यास आणखी तीन तपें जावीं लागलीं. इकडे आपल्या प्रांतांत मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि देशांत रंगीत चित्रें १९८२ मध्यें आलीं. केबलवरून येणारीं चित्रें अंकीय पद्धतीनेंच यावीं, असा जो नियम झाला, त्याच्या दुसऱ्या टप्प्यांतील ३८ शहरांत सोलापूरचें नांव होतें. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. म्हणजे चांगलें चित्र सोलापूरच्या घरांत पोंचावयास आणि प्लाझ्मा संचांची निर्मिति संपावयास जवळजवळ एकच गांठ पडली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फॉस्फरचा लेप वापरानें हळूहळू मंद होतो. परंतु ही झीज सर्व काळ सारख्या वेगानें होत नाहीं. नव्या रंगीत कापडाचा कच्चा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत अधिक जातो आणि पुढें फारसा जात नाहीं. तसाच हा प्रकार आहे. पहिल्या कांहीं तासांत झीज जलद होते, मग ती मंदावते. सर्व खण सारखेच झिजले तर डोळ्यांना कांहींच कळत नाहीं, कारण तुलनेला कांहीं उरत नाहीं. अडचण होते ती असमान झिजेची. आपल्या घरांत एकाच खिळ्यावर वर्षानुवर्षें दिनदर्शिका टांगलेली असते. दाते पंचांग सोलापुरांतच निघतें, तेव्हां असा खिळा येथील बहुतेक घरांत असावयाचाच. एके दिवशीं ती दिनदर्शिका काढली कीं तिच्यामागचा रंग ताजा आणि भोंवतालची भिंत विटलेली, असा चौकोन उघडा पडतो. प्लाझ्माच्या पडद्यावर नेमकें हेंच होतें. एखाद्या वाहिनीचें बोधचिन्ह दिवसभर एकाच कोपऱ्यांत तेजानें झळकत राहिलें, कीं तेथील खण इतरांहून अधिक झिजतात आणि वाहिनी बदलली तरी त्या चिन्हाची छाया मागें राहते.

या छायेचे दोन प्रकार ओळखून ठेवावे. एक तात्पुरती. खणांत उरलेल्या विद्युद्भारामुळें ती दिसते आणि दुसरीं हलतीं चित्रें कांहीं वेळ पाहिलीं कीं पुसून जाते. तिला घाबरण्याचें कारण नाहीं. दुसरी कायमची, ती खऱ्या झिजेची असते व तिला औषध नाहीं. विशेष हें कीं, बहुतेक हमीपत्रांत अशा ठशाची जबाबदारी कारखानदार पतकरीत नसे. अनेक महिन्यांच्या बचतींतून घेतलेल्या वस्तूवर एका बोधचिन्हाचा डाग कायमचा पडावा आणि त्याची दाद कोठेंही मागतां येऊं नये, हा तोटा लहान नव्हे.

तेव्हां पहिल्या काळांत काय करावयाचें? साधारणपणें पहिले शंभर तास जपावे, असा सल्ला दिला जाई. रोज चार तास संच चालला तर हे पंचवीस दिवस होतात. या मुदतींत तीन गोष्टी पाळावयाच्या. पहिली, चित्राची उजळ-गडद तफावत, म्हणजे रिमोटवर जिला कॉन्ट्रास्ट म्हणतात ती, निम्म्याच्या आसपास ठेवावयाची. दुसरी, चित्रानें सबंध पडदा भरलेला असावा. जुन्या मापाचें, म्हणजे चारास तीन या प्रमाणाचें चित्र रुंद पडद्यावर लावलें कीं दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. त्या पट्ट्यांखालचे खण विश्रांति घेतात आणि पुढें तेवढाच भाग अधिक उजळ दिसूं लागतो. यासाठीं महिनाभर चित्र ताणून पाहावें. निवेदकाचें तोंड थोडें रुंद दिसेल. तें तेवढे दिवस सोसावें. तिसरी, स्थिर चित्र फार वेळ ठेवूं नये. क्रिकेटचा धावफलक, बातम्यांची खालची पट्टी, मुलांच्या खेळांतील न हलणारे कोपरे, हीं तिन्ही या बाबतींत सारखींच दोषी आहेत.

कांहीं हौशी लोक याच्याही पुढें जात. निरनिराळ्या रंगांचे कोरे पडदे एकामागून एक दाखविणारी तबकडी लावून ते संच दोन-दोनशें तास नुसता चालू ठेवीत. हें आवश्यक होतें काय? विचार केला तर त्यांतून साधावयाचें तें एवढेंच, कीं सर्व खण सारखे झिजावे. बेताच्या तेजावर निरनिराळे कार्यक्रम पाहिल्यानेंही तेंच साधतें, आणि विजेचें बिल रिकाम्या रंगांकरितां भरावें लागत नाहीं. शिवाय नंतरच्या प्लाझ्मा संचांचें तेज निम्म्यावर येण्यास एक लाख तास लागतात, असें कारखानदार सांगत. रोजचे चार तास धरले तर हे अडुसष्ट वर्षांचें आयुष्य होतें. मग काळजी तेज कमी होण्याची नसून तें ठिकठिकाणीं कमी-जास्त होण्याची आहे, हें ध्यानांत येईल.

आतां चित्र जुळविण्याची गोष्ट, जी कोणत्याही जातीच्या संचाला लागू आहे. दुकानांत संच प्रखर दिव्यांखालीं व शेजारच्या दहा संचांशीं चढाओढींत उभा असतो. म्हणून त्याचें तेज व रंग शिगेला नेलेले असतात. तोच संच तसाच घरीं लावला तर डोळे शिणतात, वीज अधिक जाते आणि पडदाही लवकर झिजतो. घरीं आणल्यावर पहिलें काम म्हणजे ही दुकानची मांडणी बदलून सौम्य मांडणी निवडणें. पुढचें काम रात्रीं, खोलींत एखादा मंद दिवा ठेवून करावें. सिद्धेश्वरांच्या यात्रेचें चित्रण मिळालें तर याहून चांगली कसोटी नाहीं. नंदीध्वज धरणारांच्या अंगांत पांढरी बाराबंदी असते. कॉन्ट्रास्ट इतकीच वाढवावी, कीं बाराबंदीच्या चुण्या व बंद दिसत राहावे. सगळी बाराबंदी एकच पांढरा गोळा झाली तर तफावत अधिक झाली असें समजावें. ब्राइटनेस म्हणून जी मात्रा असते तिचें काम काळ्या भागाचें. गर्दींतील एखाद्याच्या खांद्यावरच्या काळ्या घोंगडीची वीण पुसट दिसावी, पण घोंगडी करडी होऊं नये, येथें ती थांबवावी. रंगाची परीक्षा चेहऱ्यावर करावी. कुंकू ठसठशीत दिसावें, पण गाल तांबडे होऊं नयेत. अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसूं लागली तर शार्पनेस कमी करावी. सेट-टॉप पेटीला जोडणी असल्यास तिन्ही रंगांच्या जुन्या तारेऐवजीं एचडीएमआय तार वापरावी व पेटीच्या मांडणींत सोळास नऊ हें प्रमाण निवडावें. नाहीं तर उत्तम पडद्यावरही चित्र धुरकट येतें.

सोलापूरच्या हवेचाही विचार केला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत येथें पारा चाळिसाच्या वर जातो आणि प्लाझ्मा संच स्वतःही बराच तापतो. त्याला भिंतींतल्या कोनाड्यांत किंवा बंद कपाटांत कोंडूं नये. चारी बाजूंनीं वीतभर तरी हवा खेळती ठेवावी. धूळ बसूं नये म्हणून संचावर चादर घालण्याची पद्धत या चादरींच्या गांवीं असणें साहजिक आहे. परंतु ती संच बंद होऊन निवल्यावरच घालावी. पडदा पुसतांना वीज बंद करावी व कोरडें मऊ कापड घ्यावें. विजेचा दाब २३० व्होल्ट असावयास हवा. तो फार चढत-उतरत असेल तर स्टॅबिलायझर लावावा आणि अर्थिंग तपासून घ्यावें. वळिवाच्या गडगडाटांत विजेची व केबलची, अशा दोन्ही तारा काढून ठेवाव्या. जुन्या माळवदाच्या घरांत भिंती मातीच्या असतात. त्यांत ठोकलेले खिळे जड संच पेलतीलच असें नाहीं. तेथें भक्कम मेज बरें, आणि लहान मुलें ओढणार नाहींत अशा रीतीनें संच त्याला जखडावा. ४२ इंची पडद्यापासून साधारण साडेपांच ते नऊ फुटांवर बसावें, पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीला असावा आणि खिडकी समोर येऊं नये. प्लाझ्माची कांच आरशाप्रमाणें उजेड परत फेंकते.

आज दुकानांत जे एलईडी म्हणून संच मिळतात, त्यांत पडद्यामागें सामाईक दिवे असतात; प्रत्येक बिंदु स्वतः जळत नाहीं. म्हणून त्यांना शंभर तासांच्या पथ्याची गरज नाहीं. ओएलईडीचें तसें नाहीं. त्यांतील प्रत्येक बिंदु प्लाझ्माप्रमाणें स्वयंप्रकाशी असतो. म्हणून त्याचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, आणि म्हणूनच त्यावर बोधचिन्हाचा ठसा उमटूं शकतो. बऱ्याच ओएलईडी संचांत ही असमान झीज तपासून सावरून घेण्याची सोय असते. पण हें काम संच रिमोटनें बंद केल्यानंतर, वीज चालू असतांना, आपोआप होतें. आपल्या घरांत तर संच बंद केला कीं लगेच भिंतीवरचा खटका दाबण्याची संवय आहे. काटकसरीची ही चांगली संवय येथें मात्र संचाच्या मुळावर येते. रिमोटनें बंद केल्यावर कांहीं वेळ जाऊं द्यावा, आणि मग हवा तर खटका दाबावा.

राहतां राहिला घरांतील माणसांचा प्रश्न. आजोबांना सकाळपासून एकच बातम्यांची वाहिनी हवी असते, मुलांना सायंकाळीं एकच खेळ हवा असतो. त्यांना मनाई करण्याचें कारण नाहीं. तासा-दोन तासांनीं मधेंच निराळा कार्यक्रम लावावा, जेवणाच्या वेळीं संच बंद ठेवावा, आणि असें कां करावयाचें तें दिनदर्शिकेमागची भिंत दाखवून सांगावें. कारण समजलें म्हणजे नियम जाचक वाटत नाहीं, आणि पंचवीस दिवस संपल्यावरही तो सहज पाळला जातो. आजच्यापुरतें इतकें पुरे.