उभं इंजिन लवकर मरतं

रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन जपायचं म्हणजे रंग फासून चौथऱ्यावर उभं करायचं, असा आपल्याकडे समज आहे. माझाही होता. मी मूळचा नगरचा. नोकरीपायी इंग्लंडात आलो आणि आता सुटीच्या दिवशी चेस्टरफिल्डजवळच्या बॅरो हिल शेडमध्ये बिनपगारी हात काळे करतो.

तिथे डेल्टिक जातीचे डिझेल लोको (लोकोमोटिव्ह) आहेत. 1961-62 मध्ये असे 22 बांधले गेले, तेही व्हल्कन फाउंड्रीत. बोरीबंदर-ठाणे रेल्वेची 1853 मधली पहिली वाफेची इंजिनं याच कारखान्याची. डेल्टिक लंडन-एडिंबरा मार्गावर ताशी शंभर मैलांनी धावले आणि 1982 उजाडताच सेवेतून गेले. पण 1977 मध्येच चाहत्यांनी संस्था काढून पैसे जमवायला घेतले होते. शेवटी 22 पैकी सहा भंगारातून वाचले.

प्रत्येक डेल्टिकच्या पोटात दोन नेपिअर इंजिनं. एकेकाला 18 सिलिंडर, पण पिस्टन 36! एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात, मधली हवा दाबतात, डिझेल पेटतं आणि दोघे मागे फेकले जातात. त्यामुळे सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्हही नाहीत. सिलिंडरांची मांडणी त्रिकोणी, प्रत्येक कोपऱ्यात एक क्रँकशाफ्ट. नगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता पाहिला असेल, तर त्याचं लेलँड इंजिन याच घराण्यातलं: सिलिंडर सहा, पिस्टन बारा. दुखणंही सारखंच. लायनरची सीलं गळतात आणि पाणी नको तिथे शिरतं.

म्हणून बरेच दिवस उभं असलेलं इंजिन एकदम स्टार्ट करायचं नसतं. आधी पंपाने ऑइल सगळीकडे पोचवायचं, मग इंजिन हाताने फिरवून बघायचं. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते हवेसारखं दबत नाही. कनेक्टिंग रॉडच वाकतो. मग विजेचा भाग. डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही, जनरेटर फिरवतं. चाकांना जोर मिळतो तो मोटरींचा. त्यांची वायंडिंग दमट हवेत ओल धरतात. मेगर लावून इन्शुलेशन तपासायचं, कार्बन ब्रश तपासायचे, कॉन्टॅक्ट घासायचे. एवढं झाल्यावर लोको धडधडतो आणि एक्झॉस्टमध्ये साठलेल्या तेलाच्या धुराने शेड भरून जाते. बाहेरून चकचकीत ठेवलेला, पण वर्षानुवर्षं न फिरवलेला लोको मात्र आतून गंजत असतो.

आमच्या दौंड-मनमाड मार्गाने डब्ल्यूडीएम-2 या डिझेल लोकोचा जमाना पाहिला. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा आराखडा, 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. 1964 पासून वाराणसीत बनू लागलेला. या जातीचा पहिला, अल्कोनेच बांधलेला 18040, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. पण संग्रहालयात उभ्या लोकोवर कुणी फिटर तयार होत नाही. इथे बॅरो हिलला नवशिक्याच्या हातात पाना देतात, आणि जाणता माणूस शेजारी उभा राहून कुठे किती आवळायचं ते सांगतो.

आपल्याकडे अल्कोवर हयात घालवलेले फिटर आज निवृत्त होऊन नगर, दौंड, पुण्यात घरी बसले आहेत. एखादा डब्ल्यूडीएम-2 चालता ठेवायचा, तर निधी आणि जागेच्या आधी त्यांना गाठायला हवं. लोखंड आणखी काही वर्षं कळ काढील. नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर मार खातोय हे सांगणारा माणूस सत्तरीला आलाय.