दुकान हीच कारागिराची शाळा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धान, राईस मिल, बिडी आणि तेंदूपत्ता ही त्याची ओळख. येथील मिलची यंत्रे दुरुस्त करणारे मिस्त्री, तसेच शिंपी, सुतार, लोहार, गवंडी यांच्यापैकी बहुतेकांनी आपले हुनर वर्गात बसून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली मिळविले आहे. हात तयार आहे, पण हाती कागद नाही. आणि व्यवहार तर मोबाइलवर गेला आहे. बँकेत कर्ज मागायला गेले की अडचण येते ती इथेच.

मग वय झालेल्या कारागिराने शिकायचे कधी? वर्गात बसला तर मजुरी बुडते. या प्रश्नाची दखल नवी नाही. १९६७ साली मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले, ते कामगाराची गरज पाहून शिकविण्यासाठीच. २००० साली या संस्थांना 'जन शिक्षण संस्थान' हे नाव मिळाले. पुढे २०१५ मध्ये पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतून अनुभवाने आलेल्या हुनराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली.

बुडणाऱ्या मजुरीचा विचार १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत दिसतो. शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, सोनार, न्हावी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी ही योजना आहे. पाच ते सात दिवसांच्या प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. आपल्या व्यवसायाची नोंदणी सध्या घेतली जाते का, हे जवळच्या सामाईक सुविधा केंद्रात आधी विचारून घ्यावे.

मात्र मोटार मिस्त्री, वेल्डर आणि बिडी कामगार या यादीत नाहीत. त्यांनी अनुभवावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राची चौकशी करावी.

पण सगळेच शिकणे सरकारवर सोपवून चालणार नाही. दुकानातला तरुण शागिर्द मोबाइल सहज चालवितो. उस्तादाला त्यात अडखळायला होते. रोज दुकान बंद करण्यापूर्वी अर्धा तास दोघांनी एकत्र बसावे. उस्तादाने कापाकापीचे माप शिकवावे, शागिर्दाने हिशेब मोबाइलवर ठेवायला शिकवावे. यात कमीपणा नाही. बँकेत जमा होणारी रोजची रक्कम हाच उद्या कर्ज मागताना आपल्या धंद्याचा पुरावा ठरतो. उद्यम नोंदणीही विनामूल्य आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो देताना लागतो. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे कोणी म्हणाले तर ती फसवणूक समजावी. रक्कम गेलीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

उस्ताद-शागिर्दाची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. त्यात आता मोबाइल आणि कागद या दोन धड्यांची भर घालायची आहे. ती घातली नाही, तर काम आपले राहील आणि नफा मात्र मधल्या माणसाच्या खिशात जाईल.