पहिली दीर्घ ट्रायथलॉन आणि औषधांची पुडी

वैद्यबंधूंनो, गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक निराळा रुग्ण येऊ लागला आहे. त्याला व्याधी नसते. त्याला दोन-तीन महिन्यांनी परगावी एक स्पर्धा पार पाडायची असते आणि ‘सोबत कोणती औषधे नेऊ?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखक सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःच असा रुग्ण झाला. १३ नोव्हेंबर २०२२ रोजी पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या स्पर्धेत त्याने भाग घेतला. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, हे सर्व साडेआठ तासांच्या आत पुरे करावयाचे असते. २०१९ च्या ऑक्टोबरात ही स्पर्धा गोव्यात प्रथम झाली, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडील अनेक हौशी मंडळी तिकडे जाऊ लागली आहेत.

व्यायाम बलाच्या अर्ध्यापर्यंतच करावा, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. सरावाचे आठ महिने हा दंडक मी बऱ्यापैकी पाळला. स्पर्धेच्या दिवशी तो मोडला, हे प्रांजळपणे कबूल करतो. पोहण्याचा सराव मात्र कृष्णेत झालेला. नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांत किती अंतर आहे, हे पहिली लाट नाकातोंडात गेल्यावाचून समजत नाही. म्हणून शक्य असेल त्याने दोन दिवस आधी पोहोचून एकदा तरी समुद्रात उतरावे.

सामान भरण्याचे एक शास्त्रच आहे. वस्तूंची यादी करून भागत नाही. शरीर ज्या क्रमाने वस्तू मागेल त्या क्रमाने पिशव्या भराव्या लागतात. पोहून बाहेर आल्यावर हात थरथरत असतात, तेव्हा शिरस्त्राण, चष्मा, बूट, क्रमांकाचा पट्टा हे सारे वरच्या वर सापडले पाहिजे. धावण्याची पिशवी वेगळी, त्यात कोरडे मोजे हवेतच. आम्ही आंबोली घाटाने मोटारीतून गेलो, त्यामुळे सायकल सुखरूप पोहोचली. विमानाने येणाऱ्या एका सोबत्याने मात्र खोक्यात भरण्यासाठी सायकलचा डावा पॅडल काढताना अर्धा तास झुंज दिली. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तो उजवीकडे फिरवून सुटतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बैठकीच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी, हेही तो विसरला. दुसऱ्या दिवशी त्याचे गुडघे बोलू लागले.

मांड्या व काखा घासून सोलवटू नयेत म्हणून शतधौत घृताची डबी नेली होती. तिचा उपयोग उत्तम झाला. फक्त अंगावर क्रमांक लिहून होईपर्यंत त्या जागी तूप लावू नये, शाई धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. निघण्याच्या आदल्या सायंकाळी आमच्या पेठेतील एका औषधी दुकानाचे मालक, माझे जुने स्नेही, घरी आले आणि त्यांनी एक पुडी हाती ठेवली. “वैद्यराज, परगावी पोटाचा भरवसा नाही. असू द्या जवळ.” इतक्या मायेने दिलेली वस्तू कोण उघडून पाहणार? ती तशीच पिशवीत गेली.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मित्रांच्या आग्रहाखातर मी शाकुती खाल्ली. ओकसात्म्यावर रुग्णांना व्याख्याने देणाऱ्या वैद्याने, ज्या दिवशी नवे काहीही पोटात जाऊ नये नेमक्या त्या दिवशी, अनोळखी मसाला पोटात घातला! रात्री साडेनऊपर्यंत तीन द्रव वेग झाले. पुडी उघडली. आत जातिफलादि चूर्ण, कर्पूर रस आणि पायांच्या शिणासाठी म्हणून विषतिंदुक वटी. चिकित्सा म्हणून पाहिले तर निवडीत दोष काढता आला नसता. चूर्ण तळहातावर घेतले आणि हात थांबला. जातिफलादि चूर्णात भांग आहे. कर्पूर रसात अहिफेन आहे. विषतिंदुक वटीत कुचला आहे. भांगेतील मुख्य मादक घटक, अहिफेनातील मॉर्फिन आणि कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे तिन्ही पदार्थ जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, स्पर्धाकालीन निषिद्ध यादीत आहेत. स्पर्धाकाल आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. पण औषध त्याआधी घेतले म्हणून सुटका होत नाही, कारण प्रश्न नमुन्यात काय सापडले एवढाच असतो. औषध वैद्याने दिले, हेतू शुद्ध होता, ही सबब दोष पुसत नाही. शरीरात जे आढळेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच.

माझ्यासारख्या हौशी माणसाचे मोठेसे काय बिघडणार होते? पण हीच पुडी दुकानातून एखाद्या महाविद्यालयीन धावपटूच्या हाती गेली असती, तर त्या मुलाची काही वर्षे त्यात बुडाली असती, ह्या विचाराने त्या रात्री पोटापेक्षा मनालाच अधिक त्रास झाला.

पुडी बांधून ठेवली. विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात सुंठ-धण्याचे पाणी उकळून घेतले, घरून आणलेल्या साळीच्या लाह्यांचा मंड केला, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घेतले. दोनच्या सुमारास पोट शांत झाले. ज्वर असता अथवा वेग थांबले नसते, तर पाण्यात उतरलोच नसतो. कोणी उतरूही नये.

स्पर्धेविषयी थोडेच सांगतो. आठ तास अकरा मिनिटे लागली. धावताना ऊन असह्य होते, आणि तहान नसतानाही प्रत्येक ठाण्यावर पाणी पिणारे पुष्कळ दिसले. ही सवय घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले होते, आणि धावताना वजन वाढणे, म्हणजेच गरजेहून अधिक पिणे, हे त्यामागील ठळक कारण होते. तहानेप्रमाणे प्यावे आणि वेदनाशामक गोळ्या धावताना घेऊ नयेत, वृक्कांवर ताण येतो.

परत आल्यावर त्या स्नेह्यांना पुडी दाखवली. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “अहो, गिऱ्हाईक खेळाडू आहे का, हे आम्ही कधी विचारतच नाही.” नंतर दोन सायंकाळी बसून आम्ही त्यांच्या दुकानातील कल्पांची पाठ्ये तपासली. अग्नितुंडी वटी कुचल्यामुळे वेगळी काढली. सोमलता असलेले कल्पही वेगळे ठेवले, कारण त्यातील इफेड्रीन मूत्रात प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की तेही निषिद्ध ठरते. ‘शक्तिवर्धक’ म्हणून येणाऱ्या, घटकांचा पुरता उल्लेख नसलेल्या डब्यांविषयी तर बोलायलाच नको. आता त्यांच्या फळीवर या औषधांसाठी लाल चिठ्ठी लावलेला एक कप्पा आहे, आणि दुकानातील मुलगा प्रत्येक तरुण गिऱ्हाइकाला आधी विचारतो, “स्पर्धेला जाणार आहात का?”