ताईंच्या ग्रुपची वर्गणी

धायरीत आमच्याकडे दुपारची भांडी आवरली, की हाती मोबाईल येतो. आवडत्या रेसिपीवाल्या ताईंच्या खास ग्रुपची वर्गणी भरली, की त्या आपल्याशी बोलतात म्हणे! बोलतात, मैत्रिणींनो, पण एकच निरोप साऱ्याजणींना. तुमची चकली तेलात का विरघळली, याचं उत्तर मिळेलच असं नाही. यूट्यूबच्या सभासदत्वात कर वजा जाता शंभरातले 30 रुपये कंपनीच ठेवते. उरलेले ताईंच्या कष्टाचे, ते द्यावेतच. पण ग्रुप पाहणं सोडलं, तरी वर्गणी दरमहा कापली जातेच! रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2021 पासून किमान 24 तास आधी संदेश येतो. तो न वाचता पुसू नका. नकोच असेल, तर सभासदत्व रद्द करा आणि यूपीआयच्या ॲपमधला ‘ऑटोपे’ही बंद करा.