वही एक, भाषा अनेक

संगणकावरील ‘ज्युपिटर’ वहीच्या चौकटीत उदाहरण लिहून चालवले, की उत्तर खालीच उमटते. ते सोडवतो कोण? वही नव्हे! वही फक्त निरोप पोचवते. सोडवतो तो पडद्यामागचा ‘कर्नेल’. प्रत्येक भाषेचा कर्नेल निराळा. २०१४ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे नावच ज्युलिया, पायथन आणि आर या भाषांवरून पडले आहे.

वही बसवताना पायथनचा कर्नेल सोबतच येतो. आर हवी असेल, तर आधी ती भाषा बसवा. मग तिच्यातूनच ‘आयआरकर्नेल’ घ्या. शेवटी त्याची नोंद करा. कर्नेल कोणत्या आज्ञेने सुरू करायचा, हे या नोंदीवरून वहीला कळते. नोंद राहिली, तर भाषा असूनही यादीत दिसत नाही.

आता एक प्रयोग करा. पहिल्या चौकटीत ‘क’ची किंमत ५ ठरवा, दुसरीत ‘क’ अधिक १ विचारा. उत्तर ६. पहिली चौकट पुसून दुसरी पुन्हा चालवा. तरीही ६! कारण पुसली ती वही. कर्नेलची स्मृती नव्हे. म्हणून उत्तर पक्के मानण्यापूर्वी कर्नेल नव्याने सुरू करून सर्व चौकटी क्रमाने चालवा. तेव्हाच लपलेली चूक उघडी पडेल.