आमच्या हद्दीत येत नाही

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीबरोबर पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात चार तास बसून होते. मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेलेली, तीन वर्षांनी दोन बॅगा घेऊन माहेरी परतलेली. मारहाण तिकडची, घराबाहेर काढले तेही तिकडेच. पैशांसाठी तगादा मात्र अजून चालू, रोज रात्री फोनवर. ठाणे अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले, पाणी दिले आणि म्हणाले, "ताई, गुन्हा परदेशात घडलाय. आमच्या हद्दीत येत नाही."

आवाजात उर्मटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. वार्ताहर म्हणून काम करायला लागल्यापासून हे वाक्य मी ऐकते आहे. मधल्या काळात कायदा बदलला, न्यायालयाने निकाल दिले, संहितेचे नावसुद्धा बदलले. वाक्य तेच राहिले.

घरी आल्यावर जुन्या वह्या काढून बसले.

संयुक्त राष्ट्रांनी गुन्ह्यातल्या पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा 1985 साली केला. पीडिताला माहिती मिळावी, त्याचे म्हणणे ऐकले जावे, भरपाई मिळावी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. पुढची चोवीस वर्षे आपल्याकडे परिसंवाद झाले, समित्या झाल्या. त्यांबद्दल लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. खटला सरकार विरुद्ध आरोपी असाच चालायचा आणि ज्याचे माणूस गेले तो साक्षीदारांच्या बाकावर नाव पुकारायची वाट बघत बसायचा.

31 डिसेंबर 2009 रोजी फौजदारी प्रक्रिया संहितेतली दुरुस्ती लागू झाली. 'पीडित' या शब्दाची व्याख्या प्रथमच कायद्यात आली. त्याच्या पालकांना, वारसांनाही त्यात जागा मिळाली. आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क मिळाला आणि कलम 357-अ खाली राज्याने भरपाईची योजना करावी, असे ठरले. त्यानंतर 44 दिवसांनी, 13 फेब्रुवारी 2010 च्या शनिवारी संध्याकाळी, कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला.

ती बेकरी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती काय होती हे सांगणे अवघड आहे. नॉर्थ मेन रोडवर, साधी लाकडी बाके, ओशो आश्रमातली मरून झग्यांतली माणसे आणि कॉलेजची पोरे एकाच टेबलावर. एका चहावर दोन तास बसले तरी कुणी उठवायचे नाही. पुण्यात परका माणूस परका न वाटण्याची जी थोडी ठिकाणे होती, त्यांतले ते एक. 2013 मध्ये बेकरी पुन्हा उघडली, पण दारातून सहज आत शिरायचे दिवस संपले होते.

सतरा माणसे गेली, साठच्या आसपास जखमी झाली. मृतांत आपल्याकडची तरुण मुले होती, तशी इटली, इराण, सुदान, नेपाळमधून आलेली माणसेही होती. बातम्यांत आम्ही 'मृतांमध्ये परदेशी नागरिकांचाही समावेश' असे लिहिले आणि पुढच्या परिच्छेदात तपासाकडे वळलो. त्या माणसांच्या घरी दूर कुठे तरी कुणी तरी फोनपाशी बसले असेल. त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही. खटल्याची तारीख कधी आहे, वस्तू परत कशा मिळायच्या, भरपाईचा अर्ज कुठे करायचा, हे त्यांना कोण सांगणार होते? आम्ही ते कधी विचारले नाही. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीही पत्रकार परिषदांत बॅग, सीसीटीव्ही आणि संघटनेचे नाव यांपलीकडे काही सांगितले नाही. कलम 357-अ खालची महाराष्ट्राची योजना आली ती 2014 मध्ये.

या स्फोटाचा खटलाही आठवून पाहावा. एप्रिल 2013 मध्ये आरोपी हिमायत बेगला पुण्याच्या न्यायालयाने फाशी सुनावली. मार्च 2016 मध्ये उच्च न्यायालयाने कटाच्या आरोपांतून त्याला सोडले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पुरावा नसेल तर माणूस सुटलाच पाहिजे. पण सहा वर्षांनी पायाखालची जमीन अशी सरकली, तेव्हा मेलेल्यांच्या घरच्यांना समोर बसवून कुणी निकाल समजावून सांगावा, अशी तरतूद कुठेच नव्हती.

बेकरीचा घाव ओला असतानाच 26 डिसेंबर 2011 ची पहाट आली. पुण्याचा अनुज बिडवे, वय 23, लँकेस्टर विद्यापीठात मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेलेला. नाताळच्या सुट्टीत मित्रांबरोबर मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये रस्त्याने चालला होता. एका अनोळखी तरुणाने जवळ येऊन वेळ विचारली आणि डोक्यात गोळी घातली. आईवडिलांना ही बातमी फेसबुकवरून कळली. तिथल्या पोलिसांची ती अक्षम्य चूक होती, आणि पुण्यात ज्या घरातले पोर परदेशी होते त्या प्रत्येक घराला त्या दिवशी धडकी भरली.

पण त्यानंतर जे झाले तेही लिहायला हवे. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी विमानाने पुण्यात आले आणि आईवडिलांना भेटले. खटला सुरू झाल्यावर आईवडील मँचेस्टरच्या न्यायालयात बसले. 26 जुलै 2012 रोजी, बरोबर सात महिन्यांनी, गोळी घालणारा किअरन स्टेपलटन दोषी ठरला. दुसऱ्या दिवशी जन्मठेप, किमान तीस वर्षे. मुलगा परत येत नाही. पण आपल्या मुलाचे काय झाले हे त्यांना दारोदार विचारत फिरावे लागले नाही.

इंग्रजांची थोरवी गाण्यासाठी मी हे सांगत नाही. 1993 मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला तेव्हा त्याच्या आईवडिलांना पोलिसांनी तुच्छतेने वागवले. 1999 च्या मॅक्फर्सन अहवालाने पोलिसांची त्यावरून खरडपट्टी काढली आणि कुटुंबाशी संपर्क ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे काम नीट घडले ते त्यानंतर. एका घराने भोगले, भांडले, म्हणून पुढच्या घरांना ते मिळाले. आपल्याकडे किती घरांनी भोगले! आपल्या कायद्यात असे पद अजून नाही.

बेकरी आणि अनुजच्याच दशकातली डेव्हिड हेडलीची गोष्ट मला आजही जाळते. 2008 च्या हल्ल्यासाठी मुंबईची, आणि पुण्यातल्या ओशो आश्रमाची, छबाड हाउस या ज्यू केंद्राची टेहळणी करून गेलेला हा माणूस. मार्च 2010 मध्ये त्याने शिकागोत गुन्हा कबूल केला आणि बदल्यात त्याला भारताच्या हवाली न करण्याचे वचन मिळाले. जानेवारी 2013 मध्ये पस्तीस वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा मुंबईत गोळी लागलेली एक अमेरिकन बाई न्यायाधीशांपुढे उभी राहून बोलली. ते योग्यच झाले. त्याच हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ज्यांची माणसे पडली त्यांना त्या वचनाविषयी बोलायला जागाच नव्हती.

दशकाच्या शेवटी दोन गोष्टी घडल्या. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटी चोरले गेले. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. तपास यंत्रणा झपाट्याने हलली, हाँगकाँगला गेलेल्या रकमेतले काही कोटी परतही आले. म्हणजे सरहद्दीपलीकडे हात पोचवता येतो. दुसरी गोष्ट 9 एप्रिल 2019 ची. रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सासरच्या छळामुळे बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही ती दंड संहितेच्या कलम 498-अ ची फिर्याद देऊ शकते, कारण छळाचा मानसिक घाव ती बरोबर घेऊन येते. त्याच वर्षी अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा काही झाला नाही.

करोनाची वर्षे सोडून देते. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद नोंदवून घ्यायची, असे तिच्या कलम 173 मध्ये आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत पीडिताला कळवायचे, असे कलम 193 मध्ये आहे. हे सगळे पुस्तकात असताना माझ्या मैत्रिणीच्या मुलीला परत पाठवले.

आम्ही दुसऱ्या दिवशी रूपाली देवी निकालाची प्रत घेऊन पुन्हा गेलो. वाचायला वेळ लागला, वरिष्ठांना फोन झाले, संध्याकाळी फिर्याद नोंदली गेली. तुमच्या ओळखीत अशी कुणी परत आली असेल तर तिला ठाण्यात एकटी पाठवू नका. निकालाची प्रत बरोबर न्या, फिर्यादीची नक्कल हातात पडल्याशिवाय उठू नका, नव्वदावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. तो तिचा हक्क आहे.